टेबल नऊची कोरी ओळ

फायनलच्या रविवारी डगने यतिनच्या हातातलं पेन काढून घेतलं. हिसकावलं वगैरे नाही, डग तसा माणूस नाही. त्याने फक्त हात पुढे केला आणि म्हणाला, "आज शेरिल लिहील, मेट." यतिनने मुकाट्याने पेन त्याच्या तळहातावर ठेवलं. मग डगने बारकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा जावई बिअरचा ग्लास घेऊन उभा होता आणि आमच्याकडेच बघत होता.

"आज परत गप्प बसलास, तर फेब्रुवारीपासून तुझी खुर्ची त्याची."

मी शेजारीच होते. मला डगचा राग आला असता तर बरं दिसलं असतं, पण आला नाही. गेले दहा दिवस मला स्वतःलाच यतिनला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. यतिनने नुसती मान हलवली आणि पाण्याचा ग्लास सरळ केला. तो आधीच सरळ होता.

हा आमचा पब सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलपासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. आसपासच्या सहा पबची मिळून एक क्विझ लीग चालते. इथे तिला ट्रिव्हिया म्हणतात. फेब्रुवारी ते डिसेंबर, दर बुधवारी. एका टेबलावर चार जण, दहा-दहा प्रश्नांच्या आठ फेऱ्या, आणि फेरी संपली की कागद शेजारच्या टेबलाला तपासायला द्यायचा. आमचं टेबल नऊ. डग आमचा कॅप्टन, निवृत्त प्लंबर. खेळ आणि पंच्याऐंशी सालापूर्वीची गाणी त्याच्याकडे. शेरिलने तीस वर्षं लोकांचे केस कापले, त्यामुळे राजघराणी आणि टीव्ही तिच्याकडे. मी कॅसल हिलला राहते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते. विज्ञान आणि खाणंपिणं माझ्याकडे. उरलेलं सगळं जग यतिनकडे.

सगळं म्हणजे खरोखर सगळं. भूगोल, इतिहास, राज्यघटना, संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्या संस्थेचं ऑफिस कुठल्या शहरात आहे ते. मला तो सापडला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. स्टेजवर प्रश्नमंजूषा चालली होती, आणि माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी प्रत्येक उत्तर पुटपुटत होतं. स्टेजवरच्यांना येत नव्हती ती उत्तरं. मी वळून पाहिलं तर बसड्रायव्हरच्या युनिफॉर्ममधला एक चाळिशीचा माणूस, मांडीवर प्रसादाची डिश. शिफ्टवरून थेट आला होता. "हात वर कर की," मी म्हटलं. तो म्हणाला, "नको. एखादं चुकेल." मी त्याच रात्री डगला फोन केला. चुकेल या शब्दाकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं मी.

यतिन पाटणकर मूळचा फलटणचा. युनिव्हर्सिटीत शिकायला म्हणून इकडे आला, मग पी.आर., म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि आता बारा वर्षं सिडनीच्या पश्चिम भागात बस चालवतो. बस कधी लवकर नाही, कधी उशिरा नाही. इडलीच्या हॉटेलात वीस मिनिटं मेनू वाचतो आणि इडलीच मागवतो, कारण ती कशी आहे ते माहीत आहे. उद्या पाऊस पडेल का विचारा, म्हणेल, उद्या बघू. त्याची बायको मयूरा दर बुधवारी फोन करून विचारते, "कधी पोचशील?" आणि दर बुधवारी तो सांगतो, "पोचलो की सांगतो." अरे, पोचल्यावर सांगायला कशाला हवं, ती दारातच असते! पण अंदाजे हा शब्द या माणसाच्या तोंडून मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. मयूराने, ती म्हणते, लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

टेबल नऊचं पेन त्याच्याकडे असायचं, कारण त्याचं अक्षर छापल्यासारखं. शंभर टक्के माहीत असेल तेच तो लिहायचा. माहीत नसेल तर ओळ कोरी. एक-दोन कोऱ्या ओळी आम्ही चालवून घेत होतो, कारण बाकीच्या सत्तर त्यानेच भरलेल्या असायच्या.

मग सेमीफायनल आली. शेवटच्या फेरीत प्रश्न होता, टास्मानियातली सगळ्यात लांब नदी कोणती. डग म्हणाला डरवेंट. यतिनच्या तोंडून हळूच निघालं, "साउथ एस्क पण असू शकते." डग म्हणाला, "लिही मग, तुला ठीक वाटेल ते लिही." आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. कागद तपासून परत आला तेव्हा कळलं, ती ओळ कोरी होती. उत्तर साउथ एस्क. आम्ही एका गुणाने जिंकलो म्हणून वाचलो, पण डग लालबुंद झाला. चूक लिहिलं असतं तर तो हसला असता. कोरी ओळ म्हणजे आपण खेळलोच नाही, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी माझं वर्क फ्रॉम होम होतं. दुपारी मी गाडी काढली आणि यतिनचा रूट जिथे संपतो त्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. माझा स्वभाव तसा आहे, राग आला की मला माणूस समोर लागतो. बस आली, रिकामी झाली. परत निघायला सात मिनिटं होती. यतिनने थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला आणि स्वतः तसाच बसून राहिला.

"काल नदी माहीत होती ना तुला?"

"दोन माहीत होत्या."

"मग त्यातली एक लिहायची! फिफ्टी-फिफ्टी!"

"फिफ्टी-फिफ्टी म्हणजे माहीत नसणं, वीणा."

"अरे पण इथे मायनस मार्किंग नाहीये! चुकलास तर कुणी काही कापत नाही!"

मायनस मार्किंग म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदा सांगितलं. पुण्यात सहा वर्षं तो राज्यसेवेची तयारी करत होता. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, सकाळी सातपासून तीच खुर्ची, एका खोलीत चौघं. जे जे आता आमच्या टेबलावर उपयोगी पडतं, ते सगळं तिथलं. शेवटच्या प्रयत्नात पूर्वपरीक्षेला नऊ प्रश्नांत तो अडकला. एरवी त्याने ते सोडून दिले असते. पण रूममेट म्हणत होते, रिस्क घेतल्याशिवाय कटऑफ गाठता येत नाही. त्याने नऊच्या नऊ गोल काळे केले. दोन बरोबर आले, सात चुकले. त्या सातांनी दोनांचे गुण खाल्ले आणि वर थोडे आणखी नेले. अर्ध्या गुणाने राहिला.

"ते नऊ कोरे सोडले असते तर मी पास होतो," तो म्हणाला. "किती वेळा मांडून बघितलंय मी ते."

"आणि घरी?"

"बाबा निकालाच्या दिवशी सायबर कॅफेच्या बाहेर उभे होते. आत आले नाहीत. मी बाहेर आलो तर काही विचारलंच नाही. म्हणाले, चल, चहा घेऊ."

तो आरशात बघून कॉलर नीट करायला लागला. मी झाकणातला चहा एका घोटात संपवला.

"इथे मायनस नाही हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "माहीत असून हात चालत नाही. पण बुधवार सोडायचा नाही मला. बाकी सगळीकडे मी बस चालवणारा आहे. म्हणजे वाईट काही नाही त्यात. पण त्या सहा वर्षांचा काही उपयोग होतो तो फक्त बुधवारी."

सात मिनिटं झाली. मी झाकण परत दिलं, खाली उतरले, आणि बस अगदी वेळेवर निघाली.

तर ही अशी फायनल. डिसेंबरचा पहिला रविवार, दुपारचे तीन, बाहेर अडतीस डिग्री. पब गच्च भरलेला. समोर आमच्याच पबचं टेबल आठ. चारही शिक्षक, आणि त्यांची कॅप्टन मार्गो भूगोल शिकवणारी, चष्मा डोक्यावर ढकलून बसणारी. अख्खा सीझन आमचे कागद त्यांनी तपासलेले, त्यांचे आम्ही. प्रश्न विचारायला ग्लेनिस, पबची मॅनेजर, हातात माइक.

पहिल्या पाच फेऱ्या यतिन उत्तम खेळला. शेरिल पेन धरून त्याच्याकडे बघायची, तो हळू आवाजात सांगायचा, ती लिहायची. माहीत नसेल तिथे डग काहीतरी ठोकून द्यायचा. एकही ओळ कोरी नव्हती. पण मी यतिनचा हात बघत होते. पेन नसलेला उजवा हात टेबलाखाली गुडघ्यावर, आणि अंगठा बोटांवरून सारखा फिरत होता. मोजत असल्यासारखा.

सहाव्या फेरीत ग्लेनिसने विचारलं, जगात सगळ्यात जास्त टाइम झोन कुठल्या देशाचे आहेत?

"रशिया," डग लगेच म्हणाला. "यात विचार काय करायचाय?"

यतिनचे ओठ हलले. मी पाहिलं. मी इतकी जवळ होते की त्याचा श्वास आत ओढला गेलेला मला ऐकू आला. मग ओठ मिटले. शेरिलने विचारलं, "यतिन? रशिया?" आणि तो म्हणाला, "आय डोन्ट नो." तिने रशिया लिहिलं.

उत्तर फ्रान्स निघालं. जगभर विखुरलेली बेटं आणि प्रदेश धरून. यतिनने डोळे मिटून घेतले. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"माहीत होतं?" मी मराठीत विचारलं.

"साठ टक्के."

"साठ टक्के!"

डग वळला. "काय म्हणाला तो?"

आता सांगितलं असतं, तर जावई तिथल्या तिथे खुर्ची ओढून बसला असता. आणि खरं म्हणजे डगचा हक्क होता ते कळण्याचा. मी म्हटलं, "उकडतंय म्हणतोय." आयुष्यात मी टीममेटशी इतकं सरळ खोटं बोलले नव्हते. डग दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला आणि मग कागदाकडे वळला. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि मला यतिनचा असा राग आला होता की तो रडवेला झालेला दिसत असूनही मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आठव्या फेरीनंतर ग्लेनिसने दोनदा बेरीज केली. अडुसष्ट, अडुसष्ट. बरोबरी. तो एक फ्रान्स आमच्या कागदावर असता तर आम्ही त्या वेळी ट्रॉफी उचलत असतो, आणि तो यतिनच्या ओठांवर येऊन परत गेला होता हे टेबलावर फक्त दोघांना माहीत होतं.

आमच्या लीगमध्ये बरोबरी फोडायची एक रीत आहे. प्रत्येक टेबलाचा एकच माणूस पुढे जातो, आणि तो कोण हे समोरचं टेबल ठरवतं. प्रश्न असा विचारतात की उत्तर कुणालाच माहीत असणं शक्य नाही. एखादा आकडा असतो. साठ सेकंदांत कार्डावर लिहायचा, जो जवळ तो जिंकला. कार्ड कोरं राहिलं किंवा आपल्या टेबलावरून कुणी तोंड उघडलं तर हार. कुठल्याही भाषेत, असं ग्लेनिसने माझ्याकडे बघून सांगितलं.

डगने मार्गोला निवडलं. मार्गोने कुणाशी सल्लासुद्धा केला नाही. वर्षभर आमचे कागद तिच्या हातात होते. छापल्यासारखं अक्षर आणि मधेच कोऱ्या ओळी, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. तिने चष्मा खाली घेतला आणि यतिनकडे बोट केलं.

डग खुर्चीत मागे रेलला आणि छताकडे बघायला लागला. बारजवळ जावयाने ग्लास खाली ठेवला. यतिन उठला तेव्हा त्याची खुर्ची मागच्या टेबलाला आपटली. "सॉरी, सॉरी," म्हणत तो पुढे गेला. ग्लेनिसने त्याला कार्ड आणि जाड मार्कर दिला.

"प्रश्न," ती म्हणाली. "या सीझनच्या सगळ्या बुधवारी मिळून आपल्या किचनने किती चिकन श्निट्झल विकले?"

श्निट्झल म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला चिकनचा चपटा तुकडा, इथल्या प्रत्येक पबात मिळतो. पबभर हशा पिकला. यतिन हसला नाही. त्याने हात वर केला, शाळेत करतात तसा. "पार्सल धरून?"

आणखी हशा. "धरून," ग्लेनिस म्हणाली.

"सेमीफायनलचा बुधवार पण?"

"तो पण. एकूण एक्केचाळीस बुधवार. तुमची वेळ सुरू."

मार्गोने पंधरा सेकंदांत आकडा लिहिला आणि कार्ड छातीशी धरलं. यतिन उभाच. मला त्याची पाठ आणि अर्धा गाल दिसत होता. तो टेबलं मोजत होता, हे मला कळत होतं. मग माणसं. अर्धे लोक श्निट्झल खातात असं धरायचं का, हे ठरवत होता. इतकं सगळं त्याला येतं. हिशोब मांडता येतो, चुकीचे पर्याय गाळता येतात. शेवटची उडी तेवढी येत नाही.

"तीस सेकंद."

मार्करचं टोपण अजून लागलेलंच. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मला ओरडायचं होतं. वजा नाही रे, काही वजा नाही, लिही काहीही, दहा लिही, लाख लिही! पण माझा एक शब्द निघाला असता तर तोच वजा झाला असता. आयुष्यभर तोंड चालवून ज्या एका मिनिटात ते उपयोगी पडलं असतं, तेवढ्यात मला ते बंद ठेवायचं होतं.

"वीस."

शेरिलने माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती. यतिनने वळून आमच्या टेबलाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, डगकडे नाही. स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं त्याने.

"दहा."

टोपण निघालं. ते हातातून निसटलं आणि बारच्या खाली घरंगळत गेलं. कुणी हललं नाही. पहिला आकडा वाकडा आला, आमच्या छापल्यासारख्या अक्षरवाल्या यतिनचा. मग दुसरा, तिसरा, चौथा. ग्लेनिस "टाइम" म्हणाली आणि त्याने कार्ड उलटं धरलं.

मार्गोचं कार्ड, पंधराशे. यतिनचं, बाराशे तीस.

ग्लेनिसने किचनमधून आणलेला कागद उघडला. "तेराशे शहात्तर."

वजाबाकी मी टेस्टर असूनही सगळ्यात शेवटी केली. मार्गो एकशे चोवीसने चुकली होती. यतिन एकशे सेहेचाळीसने. आम्ही बावीस श्निट्झलनी हरलो.

टेबल आठवाले उड्या मारायला लागले. यतिन कार्ड हातात घेऊन तिथेच उभा होता. काहीतरी होण्याची वाट बघत असावा तसा. कुणीतरी येईल, काहीतरी कापून नेईल. डग उठला, गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेला, आणि मी मागोमाग धावले, कारण डग त्याला आता काही बोलला असता तर मी डगला सोडलं नसतं. डगने ते कार्ड त्याच्या हातातून घेतलं. बराच वेळ वाचलं. चार आकडे वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"लिहिलंस," डग म्हणाला. "ब्लडी हेल मेट, यू रोट समथिंग."

मग बारकडे वळून त्याने जावयाला सांगितलं की फेब्रुवारीसाठी त्याने दुसरं टेबल बघावं. आणि कार्ड चौघडी घालून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मी रडले. उगाच खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले, आणि शेरिलला वाटलं हरल्यामुळे. तिने मला टिश्यूचा अख्खा बॉक्स आणून दिला.

बाहेर साडेपाचचं ऊन तसंच तापलेलं होतं. यतिनला मी घरी सोडणार होते. गाडीत बसल्यावर तो सीटबेल्ट हातात धरूनच बसला.

"चुकलं ना?" तो म्हणाला.

"चुकलं."

"मग?"

"मग काय? फेब्रुवारीत बुधवारी सात वाजता ये. आणि पुढच्या वेळी साठ टक्क्यांना तोंड उघड, नाहीतर मी डगला फ्रान्सचं सांगेन."

त्याने बेल्ट लावला. तेवढ्यात फोन वाजला. मयूरा. त्याने स्पीकर लावला.

"झालं का? कधी पोचतोयस?"

मी गाडी सुरू केली होती. यतिनने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, सिग्नलपर्यंत लागलेल्या गाड्यांकडे पाहिलं.

"वीस मिनिटांत," तो म्हणाला. "अंदाजे."

मला वाटलं फोन कट झाला.

"यतिन?" मयूराचा आवाज घाबरलेला होता. "तू बरा आहेस ना?"

"बरा आहे," तो म्हणाला. "हरलो."

आम्हाला पोचायला सव्वीस मिनिटं लागली. मयूरा दारातच उभी होती, आणि कुणीही काही वजा केलं नाही.